कूलर बंद करणारे माझे साडू

बिघडलेली कुठलीही वस्तू माझ्या साडूंच्या हाती लागली की तिचं भलं होई आणि आजूबाजूच्या माणसांचे हाल होत. कारण त्यांची पद्धत एकच : एकेक गोष्ट वगळून पाहायची. वरण बिघडलं, तर ते रोज एकेक जिन्नस गाळून वरण करायला लावत. शेवटी घरच्यांच्या पानात नुसती डाळ येई. माझ्या लग्नात माइक शिट्ट्या मारू लागला, तेव्हा त्यांनी मांडवातली माणसं ओळीने बाहेर काढली आणि मला पाटावरून उठवून माइकवरच जाहीर केलं, "नवरदेव निर्दोष आहे!" मला फार बरं वाटलं. कुठे काही बिघडलं की ते माझ्यामुळेच, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आम्ही दोघंही होतो. साडूंच्या हट्टापायी शेटजींनी कॉम्प्युटर घेतले : मोठा त्यांच्या केबिनमध्ये, चार छोटे आमच्या टेबलांवर, सगळे एकाच वायरीने जोडलेले. छोट्यांनी विचारायचं, मोठ्याने सांगायचं. उन्हाळा लागला आणि मोठा सांगेनासाच झाला. मालाची एक बिल्टी, म्हणजे पाठवणीची पावती, निघेपर्यंत ड्रायव्हरचे दोन चहा होत. बाहेर ट्रकांची ही रांग! शेटजी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे धावलं नाही, तर मशिनी वापस. त्यांच्यासंगं तुम्ही बी."

मी मनातल्या मनात गुन्हा कबूल करून टाकला. साडूंनी मात्र प्रिंटर बंद केला, पंखा बंद केला, एकेक मशीन बंद केलं, फरक पडेना तसं प्रत्येक परत सुरू केलं, मग मला खुर्चीवरून उठवलं. "तुयामुळे नाही होऊन राहिलं गा. बस."

उरला शेटजींचा कूलर. मे महिना. साडूंनी बटण दाबलं.

"काहून बंद केला?" शेटजी कडाडले. पण तोवर बिल्ट्या फडाफडा निघू लागल्या होत्या. कॉम्प्युटर जोडून उरलेली वायर लोंबते, बरी दिसत नाही, म्हणून शेटजींनीच ती कूलरच्या मोटरीभोवती छान गुंडाळून ठेवली होती; मोटर फिरली की वायरीतलं विचारणं-सांगणं बिघडे. आता त्यांनाही ते आठवलं असावं, कारण त्यांनी अगदी हळू विचारलं, "तिथं... कोणी गुंडाळली?"

"कोणी नाही जी. कूलरची जागा चुकली."

साडूंनी वायर सोडवली. टांगायला खिळे नव्हते, तेव्हा उमरेडच्या त्यांच्या कोष्टी गल्लीत सूत ताणून धरतात तसं त्यांनी सगळ्या ऑफिसला ओळीत उभं केलं आणि वायर डोक्यांवर धरायला लावली. कूलर पुन्हा सुरू झाला. शेवटचा ट्रक निघेपर्यंत आम्ही हात वर करून उभे होतो, शेटजीसुद्धा. "ढील नका देऊ जी!" असं साडू त्यांना बिनदिक्कत दटावत होते.

आता ते रायपूरला लेकीकडे असतात. इकडे काही बिघडलं की मी लगेच गुन्हेगार होतो आणि खुर्चीवरून उठून जरा वेळ उभा राहतो. "बस," असं म्हणणारं कोणी नसतं.