मास्तरांची टोपी आणि पेट्रोलातलं पाणी

मी भांडखोर मुलगी होते, अजूनही आहे. पण त्या सकाळी भांडायला कोणी नव्हतं, कारण चूक माझीच होती.

विमान चालवायला शिकणाऱ्याने रोज सकाळी आधी टाकीच्या तळाची तोटी उघडायची, थोडं पेट्रोल बाटलीत काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या दमट हवेने पाणी साचतं, आणि जड म्हणून तळाशी बसतं. हे मला पाठ होतं. पण मुंबईहून मुरूडपर्यंत एकटीने जाऊन परत यायचं, ही माझ्या परवान्याची शेवटची फेरी होती. वडिलांनी अट घातली होती, दिवाळीपर्यंत परवाना, नाहीतर लग्न. दसरा होऊन गेला होता. त्या घाईत मी बाटली हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली.

रेवदंडा मागे पडलं तेव्हा मी मोठमोठ्याने गात होते. ऐकायला कोणी नाही, एवढं सुख दुसरं नाही. मग इंजिन खोकलं. पुन्हा नीट चाललं, पुन्हा खोकलं, आणि त्याचा जोरच गेला. पंखा फिरत होता, पण विमान खाली बसत चाललं होतं. खाली नांदगावची ओहोटीची वाळू होती, लांबरुंद आणि घट्ट. गाणं अर्ध्यावर टाकून मी उतरले. झकास उतरले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दहा मिनिटांत सगळा कोळीवाडा जमला. सगळ्यांत पुढे एक धिप्पाड कोळीण, डोक्यावर मासळीची पाटी.

"बाय, तू येकलीच? चालवनारा बाप्या कुठं हाय?"

"बाप्या न्हाय. मीच चालवते."

तिने पाटी उतरवली, दोन्ही बैठकांत वाकून बाप्या शोधला, आणि कुठेच सापडला नाही तेव्हा पोट धरून हसली. त्या क्षणापासून ती माझी झाली.

तेवढ्यात एकजण हंडाभर पाणी घेऊन धावत आला. "घाटात यष्टी अशीच बसते. पानी वता, चालंल!"

"पाणीच झालंय आत!" मी किंचाळले. "आणि आधी त्या बिड्या विझवा!" कोळणीने स्वतः फिरून एकेकाच्या तोंडातली बिडी काढून ओल्या वाळूत खुपसली.

एका रिकाम्या बाटलीत मी टाकीच्या तळाचं पेट्रोल काढलं. खाली दोन बोटं पाणी. आता सगळं पेट्रोल काढून, गाळून परत भरायला हवं होतं. आमच्या विमानतळावर ते मऊ कातड्यातून गाळत. पेट्रोल खाली उतरतं, पाणी वर अडतं. इथे कातडं कुठलं? कोळणीच्या लुगड्याचा पदर लावून पाहिला, तर पेट्रोल आणि पाणी दोन्ही सरसर गळून गेलं. मग आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं बोलणं आठवलं, की कातडं नसेल तर दाबलेल्या लोकरीची जाड टोपी आधी पेट्रोलात भिजवून घ्यावी, तीही तेच काम करते.

"भरती कधी?" मी कोळणीला विचारलं.

"लागली हाय. तासाभरात पानी हितं येल." तिने पायाने जागा दाखवली. ती विमानाच्या चाकाखालची होती.

कोळ्यांच्या टोप्या कापडाच्या. लोकरीची काळी टोपी अख्ख्या किनाऱ्यावर एकच होती, ती शाळा सोडून मुलांसकट आलेल्या मास्तरांच्या डोक्यावर. मी ती मागितली. त्यांचा हात टोपीवर गेला.

"बाई, चारचौघांत माझं डोकं एकदाच उघडं पडलंय. वडील गेले तेव्हा."

"मास्तर, टोपी दुसरी मिळेल. विमान नाही मिळणार."

"टोपीचं काय घेऊन बसलात?" ते हळूच म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी न भांडता खरं बोलले. "सकाळी मी पाणी बघितलं नाही. माझीच चूक. हे समुद्रात गेलं तर मला पुन्हा कोणी विमानाला हात लावू देणार नाही."

मास्तरांनी येणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "पोरांनो, तिकडे तोंड करा," ते म्हणाले, आणि पोरांच्या पाठी वळल्यावर त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

टोपीतून पेट्रोल बारीक धारेने कोरड्या हंड्यांत उतरलं आणि पाणी वर थरथरत राहिलं. भरतीचं पाणी जवळ आलं तसं कोळ्यांनी शेपटी उचलून विमान दोनदा मागे ओढलं. परतीपुरतं गाळून झालं, मी बाटली उन्हात तीनदा धरून पाहिली, टाकी भरली. चाकांना दगड लावले, दोन्ही पंखांच्या टोकांना माणसं लटकली, मी नाकावरचा पंखा फिरवला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं आणि कोळीणबाईंनी अशी आरोळी ठोकली की इंजिन लाजावं.

पुढे विमान शिकवणाऱ्या शिक्षकांना मी सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, आणि दिवाळीआधी परवानाही मिळाला.

पण त्या दिवशी चाकांनी पाणी उडवत मी वर चढले आणि हात हलवायला एक वळसा घेतला. मास्तर गर्दीत उघड्या डोक्याने अवघडून उभे असतील, म्हणून मी त्यांनाच शोधत होते. ते मला ओळखूच आले नाहीत. किनाऱ्यावरच्या एकूण एक बाप्याने आपली टोपी काढून हातात धरली होती.