बिगुलरची कवळी

"तोंड हाजर हाय, साहेब."

माझ्या दवाखान्याच्या दारात टाचा जुळवून, छाती काढून ते असं म्हणायचे आणि मी मान हलवेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. बाकीचे पेशंट गाल धरून, कण्हत येतात. हे मात्र तोंड ही सरकारी मालमत्ता असल्यासारखे ते पोचवायला यायचे. खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नसत. मी ओरडायचो, "अहो, टेका की! परेड नाहीये ही." मग ते टेकायचे, पण हुकूम मानल्यासारखे.

मी दातांचा डॉक्टर. परतूरला मोंढ्याच्या रस्त्यावर माझा दवाखाना, आणि भिंतीला भिंत लागून माजी सैनिकांच्या संघटनेची तालुका शाखा. महिन्यातून एकदा त्यांची बैठक असते. तुम्ही कुठल्याही संघटनेच्या शेजारी राहिला असाल तर बैठक म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अर्धा वेळ कोण आलं नाही यावर जातो, उरलेला अर्धा चहा कुणी सांगायचा यावर. फरक एवढाच की इथे सुरुवातीला अध्यक्ष सुभेदारसाहेब "सावधाऽन!" अशी आरोळी ठोकतात. एकदा माझ्या खुर्चीतल्या एका मास्तरांनी ती ऐकून खाडकन तोंड मिटलं. माझं बोट आत होतं. तेव्हापासून बैठकीच्या दिवशी मी दाढ काढत नाही.

मी तसा लोकांत मिसळणारा माणूस नव्हे. दिवसभर लोकांच्या तोंडात असतो, संध्याकाळी आणखी तोंडं बघावीशी वाटत नाहीत. पण या एका माणसानं मला वर्षभर या म्हाताऱ्यांच्या मागे मागे फिरवलं, ते कसं तेच सांगतो.

ते आष्टीचे. फौजेत बिगुलर होते. पहाटे पलटण उठवायची, जेवायला बोलवायची, झेंड्याला मान द्यायचा आणि कुणी गेलं तर त्याला शेवटचा निरोप द्यायचा, हे सगळं बिगुलावर. शाखेत त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे, नुसतं 'बिगुलर'. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक पितळी बिगुल विकत घेतला, गावी येऊन मोसंबीची बाग लावली आणि शाखेतल्या प्रत्येकाच्या मयतीला जाऊन निरोप वाजवला. मग एकेक करून वरचे दात गेले. दात गेले की बिगुल गेला, कारण ओठाला मागून टेकू लागतो.

"तंबाखूनं घालवलेत," मी म्हणालो होतो.

"न्हाई साहेब. सरकारी दात होते. नौकरी सरली, जमा झाले."

त्यांचा बिगुल बंद पडल्यावर सुभेदारसाहेबांनी तोडगा काढला. मोबाईलवर निरोपाची धून घेतली आणि एक छोटा स्पीकर आणला. काम चोख होतं. कुणी गेलं की स्पीकर झाडाला लटकवायचा, बटण दाबायचं, सगळ्यांनी सलामी द्यायची. दोन-तीन मयती अशा पार पडल्या.

मग संक्रांतीनंतर शाखेतले एक हवालदार गेले. आपल्याच तालुक्यातले, पण अंकुशनगरला साखर कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते. स्पीकर लिंबाच्या फांदीला लटकवला, धून सुरू झाली, सगळ्यांचे हात कपाळाला गेले. आणि मधेच सुभेदारसाहेबांना कुणाचा तरी फोन आला. नातवानं त्यांच्या फोनला लग्नातल्या बँडची धून लावून ठेवली होती, ती धडाधड स्पीकरवर वाजायला लागली. हात खाली घ्यायचा हुकूम सुभेदारसाहेबांनी द्यायचा, आणि त्यांचा स्वतःचाच हात कपाळाला. फोन वाजून वाजून थांबेपर्यंत सगळे तसेच उभे. हवालदारांची म्हातारी आई इकडेतिकडे बघत विचारत होती, "कुनाची वरात हाय रे?"

हे मला दुसऱ्या दिवशी बिगुलरनीच सांगितलं. सांगताना हसले नाहीत. हसलो मी एकटाच.

"साहेब, दात बसवा. खायचं ऱ्हाऊ द्या, भाकर मी कुस्करून खातो. वाजवता आलं पायजे. मानूस जातो तवा मानसाच्या दमानं वाजवावं. ते डबडं न्हाई. इथून पुढं आमच्यातला एक बी डबड्यावर जाऊ देनार न्हाई मी."

मी सांगितलं की कवळी चावण्यासाठी असते, वाजवण्यासाठी नाही. बिगुल ओठावर दाबला की पुढून दाब पडणार आणि ती मागून सुटणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बराबर," म्हणाले. "मंग कधी येऊ?"

उरलेली मोडकी मुळं काढली, हिरड्या भरू दिल्या, मापं घेतली. कवळी बसवली त्या दिवशी त्यांनी पिशवीतून बिगुल काढला आणि मी 'अहो' म्हणायच्या आत खुर्चीतच फुंकला. बाहेर बाकावर बसलेली एक बाई दुखती दाढ घेऊन तशीच घरी गेली, ती परत आली नाही. आवाज निघाला होता मात्र. फाटका होता, पण निघाला होता. त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं आणि मला सॅल्यूट ठोकला. मला कुणी सॅल्यूट ठोकायची ती पहिलीच वेळ. काय करायचं ते न कळून मी हात धुवायला गेलो.

एक मेला शाखेसमोर झेंडावंदन होतं. मीही दारात उभा राहिलो, म्हटलं आपलं काम बघू तरी. झेंडा वर गेला, बिगुल वाजला, छान वाजला, आणि शेवटच्या सुराला त्यांनी बिगुल खाली घेतला तशी कवळी सुटून मातीत पडली. लगेच राष्ट्रगीत सुरू झालं. आता हा माणूस वाकून ती उचलेल की नाही? छे! राष्ट्रगीत संपेपर्यंत कवळी मातीत आणि हे ताठ उभे. गल्लीतलं एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. यांची पापणीसुद्धा हलली नाही, माझा मात्र जीव वरखाली होत होता. संपल्यावर त्यांनी ती उचलली, रुमालात गुंडाळली आणि सरळ माझ्या दारात आले.

"तोंड हाजर हाय, साहेब."

पुन्हा माप, पुन्हा घासाघीस. कवळी घट्ट बसावी म्हणून पावडर दिली, पुढचे दात जरा आत घेतले. ते घरी सराव करायला लागले. आष्टीहून तक्रारी माझ्याकडे यायला लागल्या, आता बोला! एक शेजारी खास परतूरला येऊन मला म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्ही त्यायला दात देऊन आमचं वाटोळं केलंत. पहाटं पहाटं वाजवून राह्यले. म्हैस पान्हा चोरती." मी म्हणालो, म्हशीचं मी काही करू शकत नाही. पावसाळाभर ते बागेच्या दूरच्या बांधावर जाऊन वाजवत राहिले. पंधरा ऑगस्टला कवळी जागेवर राहिली. शाखेत पेढे वाटले गेले, भिंतीपलीकडून मलाही आले.

भाद्रपदात शाखेतले एक नाईक गेले. नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. इथे ते एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचे. बिगुलर सकाळीच मोटारसायकल घेऊन माझ्या दारात. "चला साहेब."

"मी कशाला? मी काय फौजेत होतो?"

"गाडीसंगं मिस्त्री ऱ्हातो का न्हाई? तसं."

गेलो. काय करता! त्यांनी वाजवलं. खरं सांगतो, शाखेत तो स्पीकर लावून बघायचे तेव्हा भिंतीतून ऐकलेलं आणि हे, यात काही तुलनाच नव्हती. लोक बोलायचे थांबले. नाईकांचा भाऊ, जो तोपर्यंत कोरडाच होता, तो खाली बसला. परतताना मी म्हणालो, "झकास झालं." ते गाडी चालवत पुटपुटले, "एक सूर सटकला." मला तर कळलंही नव्हतं. "नाईकसाहेबाला कळला असंल," ते म्हणाले.

दहाव्याला पुन्हा मिस्त्री हजर. नदीकाठी पिंड ठेवलेले, गुरुजी बसलेले, चार-पाच कावळे नुकतेच बाभळीवर येऊन टेकलेले. घरच्यांची नजर त्यांच्यावर. एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, आणि त्याच क्षणी हे सावधानमध्ये उभे राहिले आणि फुंकला बिगुल. मयतीला सटकलेला सूर दुरुस्त करायला आले होते हो! पहिल्या सुरालाच कावळे उडाले ते थेट नदीपलीकडे. यांनी मात्र पूर्ण वाजवलं. एकही सूर सटकला नाही, हे मला माहीत आहे, कारण नंतर चेहरा बघितला मी त्यांचा.

मग बसा वाट बघत. ऊन चढलं. मुलानं पिंडापुढे हात जोडून सांगितलं, आईला नीट सांभाळीन. कावळा नाही. भावानं सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा नाही. बायका यांच्याकडे असं बघायला लागल्या की मी दोन पावलं बाजूला सरकलो. शेवटी सुभेदारसाहेब चिडून म्हणाले, "बिगुलर, तू घालवलेस, आता तूच बोल!"

ते पिंडासमोर टाचा जुळवून उभे राहिले.

"नाईकसाहेब, त्या दिशी एक सूर सटकला होता. आज बराबर वाजवला. आता जेवून घ्या." मग जरा थांबून म्हणाले, "हुकूम न्हाई हा. मी साधा शिपाई. इनंती हाय."

थोड्या वेळानं कावळा आला आणि शिवला. त्याला भूक लागली असेल, असं माझं मत आहे. पण नाईकांच्या बायकोनं यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हे कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी काही माझं मत सांगत बसलो नाही.

दिवाळीनंतर शाखेत त्यांचा भाव फार वाढला. इतका की सुभेदारसाहेबांना थोडं खुपायला लागलं. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. "अरे, आमच्या सगळ्यांना तू पोचवशील," ते एकदा म्हणाले, "आन् तुला कोन पोचवनार?" यावर हशा झाला. बिगुलर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

पौषात ते गेले. सकाळी बागेला पाणी द्यायला गेले होते, तिथेच बसल्या जागी. निरोप आला तेव्हा खुर्चीत पेशंट होता. त्याला उद्या या म्हणालो आणि दवाखाना बंद केला. या वेळी मला न्यायला कुणी आलं नाही. मी माझी गाडी काढली.

बागेच्या कडेलाच सरण रचलं होतं. शाखेचे सगळे आले होते, टोप्या घालून, पदकं लावून. सुभेदारसाहेबांच्या हातात स्पीकरची पिशवी होती. त्यांनी ती उघडायला घेतली तशा बिगुलरच्या मंडळी बायकांतून उठून पुढे आल्या.

"भाऊ, ते न्हाई लावायचं."

"वैनी, मंग वाजवनार कोन?"

"ते मला काय म्हाईत! ते न्हाई लावायचं."

एकानं बिगुल उचलला, फुंकला. नुसती हवा गेली. दुसऱ्यानं घेतला, तेच. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पुढं काय करायचं हे तिथं कुणालाच कळत नव्हतं आणि तो माणूस तसाच पडून होता. मला फार वाईट वाटलं. संताप आला म्हणा ना. म्हटलं, सगळ्यांचं केलं या माणसानं, आणि याच्यासाठी एकही नाही.

सुभेदारसाहेबांनी पिशवी खाली ठेवली. "सावधाऽन!" म्हणाले. हात कपाळाला नेला आणि तोंडानं सुरू केलं. बिगुलावर वाजते ती धून, तोंडानं. तऽऽ तंऽऽ करत. पुढचे दात नाहीत त्यांना, त्यामुळे अर्धा आवाज, अर्धी फुंकर. दोन सूर ते एकटेच म्हणाले. मग बाजूच्यानं उचललं, मग मागच्या ओळीनं. आयुष्यभर ऐकलेली धून, सगळ्यांना पाठ होती, पण म्हटली कुणीच कधी नव्हती. कुणी पुढे, कुणी मागे. कुणाची कवळी शिट्टी मारत होती, कुणाची खुळखुळत होती. त्यातली निम्मी तोंडं माझ्या हाताखालून गेलेली. भयंकर बेसूर झालं. सांगायला लाज कशाची, मला रडू आलं.

त्यानंतरच्या बैठकीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दाढ हातात घेतली नव्हती. दारात सुभेदारसाहेब. शेजारी असून हा माणूस इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीत कधी बसला नव्हता.

"डॉक्टर, पुढचे दात बसवायचेत."

"का? खायला त्रास होतोय?"

"खायला न्हाई हो." ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी आवाजच निघाला न्हाई माझा. नुसतं फू फू. बिगुलरचं बेकार करून टाकलं मी. निदान पुढच्याचं तरी…"

त्यांच्या मागे पायरीवर आणखी दोघं उभे होते, टोप्या हातात घेऊन.

मी दिवा लावला, खुर्ची मागे केली आणि म्हणालो, "आ करा."