बत्तीवाल्या दाजीचा कागद

भगवान मेश्रामच्या हातात लग्नाची पत्रिका द्या. तो आधी नवरा-नवरीची नावं वाचणार नाही. पत्रिका उजेडासमोर धरेल, अंगठ्यानं चोळेल, कोपरा जरासा फाडून चीर सरळ जाते की तिरकी ते बघेल, आणि मग यजमानांच्या तोंडावर सांगेल, "छापणाऱ्यानं फसवलं जी तुम्हाला." माझ्या भाचीच्या पत्रिकेचं त्यानं हेच केलं. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

हे त्याच्याकडे बापाकडून आलंय. वडील चंद्रपूरकडच्या एका कागद गिरणीत मशीनवर होते. भगवान आता पन्नाशीला आला, ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीत खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याची लॅब सांभाळतो. पुठ्ठा किती दाबाला फुटतो, किती ओल पितो, दिवसभर हेच. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी तो पूर्वाला, म्हणजे त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीला, गाडीत घालून दोन तासांवरून मस्कतजवळच्या माबेलाला माझ्या घरी येतो. त्या दिवशी आमचं मंडळ भरतं.

मंडळ म्हणजे बत्तीवाल्या दाजीच्या नादी लागलेली ओमानमधली अकरा माणसं. दाजी हा आमच्या लहानपणीच्या कॉमिकचा नायक. दीपगृहाचा रखवालदार, पोट सुटलेलं, पायात स्लिपर, आणि कोकण किनाऱ्यावरचे झाडून सगळे स्मगलर त्याला टरकून. अंक दोन रुपयांना मिळायचा. पुढे तो बंद पडला, संपादक गेले, प्रकाशनाचे मालक बदलले. दोन वर्षांपूर्वी नव्या मालकांनी संग्राहकांसाठी खास आवृत्ती काढली. कापडी बांधणी, मखमली खोकं, प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि सोनेरी अक्षरांत वचन: आम्लविरहित कागद, शंभर वर्षं टिकेल. माझा क्रमांक दोनशे बारा. किंमत सांगत नाही, माझ्या नवऱ्यालाही अजून सांगितलेली नाही.

या संग्राहक लोकांत एक रीत आहे. खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक फोडायचं नाही. फोडलं की मोल उतरलं. त्यामुळे आम्ही अकरा जणांनी ते पुस्तक विकत घेतलं आणि दहा जणांनी शोकेसमध्ये ठेवून काचेबाहेरून बघितलं. अकराव्यानं माझ्याच डायनिंग टेबलावर, माझ्याच भाजीच्या सुरीनं, प्लास्टिक कापलं. मंडळातला स्वप्निल तर असा ओरडला की शेजारची पाकिस्तानी बाई दार वाजवून विचारून गेली.

"पुस्तक आहे की लोणच्याची बरणी?" भगवान म्हणाला. "पूर्वाला वाचायला घेतलंय. तिला मराठी यायचं तर दाजीकडूनच येईल."

त्यानं पहिलं पान चोळलं आणि त्याचा चेहरा उतरला. बोलला मात्र काही नाही. कागद बघून भगवान गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन महिन्यांत पानांना लाटा आल्या. इथली ऑगस्टमधली दमट हवा आणि घरातला एसी यांत वाईट कागद लगेच उघडा पडतो. भगवाननं मला समजावलं, की कागदाच्या तंतूंना कापडासारखा एक रोख असतो. तो पुस्तकाच्या पाठीला समांतर असावा लागतो. आडवा ठेवला की एका मोठ्या तावातून चार पानं जास्त निघतात, पण पुस्तक नीट उघडत नाही आणि पानं वळतात. शिवाय कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. छापून दोन वर्षं होत नाहीत तोवर पिवळ्या, आणि वचन शंभर वर्षांचं!

त्यानं प्रकाशनाला मेल केला. तिकडून रमण नावाच्या मॅनेजरचा फोन आला. पुढच्या बैठकीला भगवाननं मला तो फोन नकलेसकट ऐकवला.

"सर, तुमच्या भावना समजतात. पण ओरिजिनल अंक साध्या न्यूजप्रिंटवर होते. आमचा पेपर त्याच्या दसपट चांगला आहे. तुमच्याकडे काही प्रूफ आहे का?"

प्रूफ हा शब्द लॅबवाल्या माणसाला बोलायचा नसतो.

त्याच्या लॅबमध्ये एक द्रावण आहे. कागदात लाकडाचा कच्चा लगदा असेल तर थेंब पडताच लाल डाग उठतो. तोच लगदा कागद पिवळा करतो. चांगल्या कागदावर काहीच होत नाही. भगवान लगेच थेंब टाकायला निघाला, पण त्याचा साहेब यूनुस, सोहारचाच बलुची माणूस, अस्खलित हिंदीत म्हणाला, "भगवान, वो बोलता है पुराने से अच्छा है। तो पुराना किधर है? बिना मुकाबले का टेस्ट, टेस्ट नहीं है।"

आणि इथेच भगवान अडला. जुना अंक त्याच्याकडे एकच होता, आणि मंडळात दुसऱ्या कुणाकडे तेवढाही नव्हता. बाकीचे गिरणीच्या वसाहतीतल्या पोरांनी वाचून वाचून चिंध्या केलेले. राहिला तो अंक सदतीस, कारण त्याच्या शेवटच्या पानावर वाचकांच्या पत्रांत अकरा वर्षांच्या भगवान मेश्रामचं पत्र छापून आलं होतं. वडिलांनी तो अंक ट्रंकेत धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवला होता. ते गेल्यावर भगवाननं त्यांच्या वस्तूंमधून तेवढाच उचलला. आमच्यापैकी कुणालाही त्यानं तो हातात दिला नव्हता. त्या द्रावणात आम्ल असतं, पडलेला डाग कधीही जात नाही.

त्यापुढच्या महिन्यातल्या बैठकीला तो द्रावणाची बाटली, हातमोजे आणि अंक सदतीस घेऊन हजर झाला. मंडळ चवताळलं.

"भाऊ, तुम्ही हे नेटवर टाकलंत की आमच्या खोक्यांना कुत्रं विचारणार नाही," स्वप्निल म्हणाला. "आपलंच नुकसान. खलास करा ना विषय."

खरं सांगते, मलाही तेव्हा स्वप्निलचंच पटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

"काहून खलास?" भगवानची चंद्रपुरी बोली रागात वर येते. "तुम्ही उघडत नाही हे त्यांले माहीत हाये, म्हणून तर हा कागद घातला! तुमच्या प्लास्टिकच्या भरवशावर धंदा चाललाय त्यांचा."

 पूर्वानं व्हिडिओ काढायला मोबाईल धरला. पहिला थेंब माझ्या प्रिंटरच्या कोऱ्या कागदावर पडला. काही नाही. दुसरा शंभर वर्षांच्या कागदावर. "ओ गॉड, पप्पा, इट्स रेड!" पूर्वा ओरडली. मग भगवाननं अंक सदतीस उघडला.  पत्राच्या शेजारच्या समासात त्यानं तिसरा थेंब सोडला. तोही लाल. दोन डाग शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखता येईना.

भगवाननं मोबाईलकडे बघितलं. "दोन्ही कागद सारखेच आहेत. फरक एवढाच, की हा जुना दोन रुपयांचा होता आणि मी शंभर वर्षं टिकेन असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं."

व्हिडिओ फिरला, पुणे-मुंबईपासून दुबईपर्यंत. पुढच्या महिन्यात, मंडळ भरलेलं असताना, रमणचा फोन आला. भगवाननं तो स्पीकरवर टाकला. रमणचा आवाज साखरेत घोळलेला होता. दुसरा खंड निघतोय, त्यात जुन्या वाचकांचं एक पान करणार आहेत, व्हिडिओत ओझरतं दिसलेलं सरांचं लहानपणीचं पत्र फोटोसकट छापायचंय. वडिलांचं नावही घालू. फक्त तेवढा व्हिडिओ काढून टाकला तर बरं.

वडिलांचं नाव. भगवाननं समोरचा अंक सदतीस जवळ ओढला. त्याला ते पान हवं होतं. मला दिसत होतं, किती हवं होतं ते. पूर्वाही त्याच्याकडे आशेनं बघत होती.

"व्हिडिओ राहील," तो म्हणाला. "पत्र पाठवतो. छापायची हिंमत असेल तर छापा."

फोन ठेवून त्यानं अंक पूर्वासमोर धरला. "आधी मोठ्यानं वाच. मग फोटो काढ आणि पाठव."

पूर्वा मराठी वाचते ती अक्षराला अक्षर लावत, अडखळत. त्या दिवशी त्यामुळे प्रत्येक शब्द आम्हाला नीट ऐकू आला.

"संपादक काका, अंक पस्तीसपासून कागद पातळ झाला आहे. दाजीच्या तोंडावर मागच्या पानातला स्मगलर दिसतो. माझे बाबा गिरणीत कागद करतात. ते म्हणाले, कागद बदलला आणि सांगितलं नाही, ही चोरी आहे. तुम्ही चोर आहात का? तुमचा, भगवान मेश्राम, इयत्ता सहावी."

खाली तिरप्या अक्षरांत उत्तर होतं. लाल डाग त्याच्या अगदी कडेला टेकला होता.

"भगवान, तुझे बाबा बरोबर आहेत. खर्च वाचवायला आम्ही कागद बदलला आणि ते लपवलं. चूक झाली. पुढच्या अंकापासून जुना कागद येईल आणि किंमत पंचवीस पैशांनी वाढेल. बाबांना नमस्कार सांग. संपादक."

 स्वप्निल जमिनीकडे बघत होता. पूर्वानं फोटो पाठवला. थोड्या वेळानं रमणनं तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. या गोष्टीला चार महिने झाले, अजून उत्तर नाही.

मी मात्र त्याच दुपारी उठले, शोकेस उघडलं आणि दोनशे बारा क्रमांकाचं खोकं टेबलावर आपटलं. सुरी शोधायला थांबले नाही, प्लास्टिक दातांनीच फाडलं.

"भाऊ," मी म्हटलं, "टाका थेंब."