गैरहजराचा वाटा

हेवा करायचाच तर माणसाने निदान मोठ्या गोष्टीचा करावा, असं माझी बायको म्हणायची. बंगला, मोटार, बढती. मी निवडली ती पोस्टाची तिकिटं, आणि तीही मादागास्करची. आफ्रिकेच्या अंगाला समुद्रात असलेलं हे बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. पनवेलात त्याच्याशी देणंघेणं असलेली माणसं तीन. एक मी, मामलेदार कचेरीतला कारकून. दुसरा माझा शाळेतला दोस्त, जो पुढे त्याच शाळेत गणिताचा मास्तर झाला. तिसरे शेट, बाजारात खिळे, बिजागऱ्या, कुलपं विकणारे बोहरी गृहस्थ. मला मास्तरचा हेवा वाटायचा. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शेटचे काका तरुणपणी कापडाच्या धंद्यासाठी मादागास्करला गेले आणि तिकडचेच झाले. काका गेल्यावर त्यांची मुलं पत्रं पाठवत राहिली. पाकिटावरची तिकिटं शेट आम्हां दोघांना देत. आम्ही ती घरी नेऊन ताटलीत पाण्यावर सोडायचो, सुटली की टीपकागदावर उताणी वाळवायचो. माझी वाळताना वळायची, कडेला एखादा दात तुटायचा. मास्तरची मात्र इस्त्री केल्यासारखी सपाट. एकच पाणी, एकच टीपकागद, आणि हात मात्र देवाने त्याला वेगळे दिलेले. त्याचा अल्बम बघून आलो की मी माझा दोन दिवस उघडत नसे.

पण नव्या तिकिटांवर आमचं खरं मन नव्हतं. खरं मन होतं ते शेटच्या डोक्यावर टांगलेल्या तारेवर.

दुकानात कागद ठेवायची तेव्हाची रीत म्हणजे तार. खाली लाकडाची गोल चकती, तीतून वर आलेली लांब टोकदार तार, आणि टोकाला वळवून केलेला आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की पाकिटासकट तारेत खुपसायचं आणि खाली ढकलायचं. सर्वांत जुनं सर्वांत तळाला. तार भरली की आढ्याला टांगायची. शेटच्या वडिलांची अशी भरलेली तार गादीच्या बरोबर वर लोंबत होती, धुळीने काळी झालेली. वडील गेल्यावर शेटनी स्वतःची नवी तार घेतली आणि जुनीला हात लावला नाही. "बावाजीच्या हाताने लावलेले कागद हाय," म्हणायचे. "राहू दे."

त्या तारेच्या तळाशी काकांची पहिली पत्रं असणार हे आम्हाला ठाऊक होतं. खालून मान वर करून बघितलं की पाकिटांचे कोपरे दिसत. एका रविवारी मास्तर बिजागऱ्यांच्या खोक्यावर बसला होता. अचानक खिशातलं भिंग काढून तो वर बघायला लागला आणि बघतच राहिला. मग मला म्हणाला, "अरे, काळा आहे."

मी भिंग जवळजवळ हिसकावून घेतलं. एका जाड पाकिटाच्या कोपऱ्यात राखी काळ्या रंगाचं तिकीट, आणि त्यावर बैलाची शिंगं. आमच्या दोघांत मिळून एक जुनं कॅटलॉग होतं, त्यात या तिकिटांची मालिका आम्ही पाठ केली होती: वशिंडाचा बैल, मागे पंख्यासारखं पसरलेलं झाड, झाडाच्या बाजूला माकडासारखं एक जनावर. बैल असा, की जवळच्या नेरे गावातल्या कुठल्याही गोठ्यात खपून गेला असता. लाल, हिरवा, नारिंगी, निळा असे बैल होते. काळा म्हणजे पाच फ्रँकचा, त्या मालिकेतला शेवटचा. काकांनी कापडाचे नमुने पाठवले असतील, म्हणून एवढं भारी तिकीट लावलं असणार. आता प्रश्न एवढाच होता, की तार कुठून गेली? पाकिटातून, की थेट बैलाच्या पोटातून? ते खालून दिसत नव्हतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की ते त्याला का दिसलं. त्या खोक्यावर त्याच्यापेक्षा जास्त वेळ मी बसलो होतो.

मला ते तिकीट हवं होतं. मास्तरलाही हवं होतं. बाकी सगळं आयुष्य त्यानंतर आपापल्या जागी चाललं, मुलं झाली, कचेरीत साहेब बदलले, पण दुकानाच्या पायरीवर चढताना माझी नजर आधी वर जायची.

आता शनिवारचं सांगतो. मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेलीच म्हटलं. नातू मास्तर झाला तरी शनिवार तसाच पाळायचा. लिहिणं नाही, फाडणं नाही, कापणं नाही, व्यवहार नाही. माझी कचेरी शनिवारी अर्धा दिवस. मला वाटलं, ही तर देवानेच केलेली सोय. दुपारी मी थेट बाजारात. पोस्टमन आमच्या खाडीकडचाच होता, तो मला बघून हसायचा. "भाऊसाहेब, टपाल शेटचा हाय, तुमी कशाला धावता?"

मी शेटच्या समोर बसून पाकीट फोडायला लावायचो. दोन तिकिटं असली की शेट चष्मा लावून दोन्ही निरखायचे, त्यातलं चांगलं, शिक्का हलका पडलेलं, उचलायचे आणि चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. "हा मास्तरचा." उरलेलं, शिक्क्याने थोबाड काळं झालेलं, माझ्या हातावर.

पहिल्यांदा मी ते घेऊन घरी गेलो. दुसऱ्यांदा विचारलं, "शेट, आलो मी, आणि चांगलं त्याला?"

"भाऊसाहेब," शेट शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी एका थाळात सगळे जेवते. जो आला नाय, त्याचा पयले काढून ठेवते. मग बसलेल्याने हात लावायचा. हाजिर माणूस तोंडाने मागते. गैरहाजिर कुठून मागणार?"

घरी येऊन मी बायकोसमोर आदळआपट केली. ती म्हणाली, "सवत आणली असती तरी मी एवढी जळले नसते, जेवढे तुम्ही त्या मास्तरवर जळता." मग म्हणाली, "तुम्हीही गैरहजर राहा की!"

पटलं. पुढच्या शनिवारी मी दात ओठ खाऊन घरी बसलो. रविवारी मास्तरबरोबर दुकानात गेलो, चेहरा साळसूद. शेटनी दोन्ही तिकिटं गादीवर मांडली. "काल दोघेपण गैरहाजिर. आता मोठा असेल तो उचलेल." मास्तर माझ्याहून काही महिन्यांनी मोठा. त्याने संकोचत माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "तू घे." मी म्हणालो, "नको, घे तूच." असं का म्हणालो देव जाणे. त्याने घेतलं. घरी जाईपर्यंत मी रस्त्यातल्या प्रत्येक दगडाला लाथ मारली.

मास्तरचं सगळ्यात वाईट काय असेल तर त्याचा राग येण्यासारखं तो काही करायचा नाही. कॅटलॉग त्याच्याकडून वेळेवर परत यायचं, पानाचा कोपरा न दुमडता. माझ्याकडून ते भाजीच्या डागासकट जायचं. माणूस थोडा तरी लबाड असला की हेव्याला टेकायला भिंत मिळते. हा तेवढंही देत नव्हता.

त्याच्या जातीतलं एकेक घर तेव्हा इस्रायलला निघालं होतं. आधी त्याचा मेहुणा गेला, मग चुलते. मग एक दिवस त्याने सांगितलं, आम्हीही जातोय. कपाटं विकली, भांडी वाटली. निघण्याआधी घरी मलिदा केला. गोडाचे पोहे, खोबरं, फळं, मोठं ताट भरून. मंत्र झाल्यावर त्याच्या आईने माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि तिला रडू फुटलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, आता दुकानात आपण एकटे.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं शेटकडे गेलो. मास्तरने तारेकडे बघून एकदाच विचारलं. शेटनी मान हलवली. "अजून नाय." बाहेर आल्यावर मास्तर म्हणाला, "आता ते तुलाच मिळेल. पाण्यात घालू नकोस. पाकिटासकट ठेव." निघता निघताही मला शिकवून गेला. मी "बघू" म्हणालो, आणि मनात उकळ्या फुटत होत्या.

पावसाळ्याआधी शेटनी दुकानाचं छप्पर उतरवून नवं करायला काढलं. आढं निघणार म्हणजे तार खाली येणार. त्या दिवशी मी कचेरीत डोकं दुखतंय सांगितलं. डोकं दुखतही होतं. शेट खाली फरशीवर बसले, तार मांडीवर घेतली, आकडा सरळ केला आणि बिस्मिल्ला म्हणून एकेक कागद वर काढायला लागले. बावाजींचं अक्षर आलं की थांबायचे, वाचायचे, डोळे पुसायचे. मी वाट बघत होतो. लाल बैल निघाला, मानेत भोक. नारिंगी निघाला, वशिंडातून तार आरपार. निळा बरा होता. आणि मग ते जाड पाकीट.

तार पत्त्यातून गेली होती. पत्त्यातून! काळा बैल आपल्या कोपऱ्यात होता तसा उभा, शिक्का एका बाजूला हलका, दात सगळे शाबूत. माझे हात थरथरायला लागले.

शेटनी भोकं पडलेले सगळे बैल माझ्याकडे सरकवले, निळाही दिला. आतला कागद काढून घेतला. मग काळ्याचं पाकीट हातात धरून म्हणाले, "हा मास्तरचा."

"शेट," माझा आवाज चढला, "मास्तर गेला. तो आता परत येणार नाही."

"म्हणून तर," शेट म्हणाले. "त्याच्यापेक्षा गैरहाजिर कोण असते, भाऊसाहेब?"

आणि पत्ता माझ्याकडे आहे म्हणून पाठवायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

ते पाकीट आठवडाभर माझ्या घरी होतं. बायको म्हणाली, "ठेवून घ्या. कोणाला कळणार आहे?" कोणाला कळलं नसतं. पण मला कळत होतं. चोरून ठेवलं असतं तर ते माझ्या अल्बमात मास्तरचं तिकीट म्हणूनच राहिलं असतं, आणि त्याला माझ्या घरात कायमची जागा मिळाली असती. एवढे उपकार मी त्याच्यावर करणार नव्हतो. दोन पुठ्ठ्यांत घालून रजिस्टरने पाठवून दिलं. चिठ्ठी लिहिली नाही. पोस्टात बाबूने आमच्या देशाच्या तिकिटांवर जोरात शिक्का मारला तेव्हा मला बरं वाटलं.

मग महिने गेले. मादागास्कर स्वतंत्र झालं, तिकडची तिकिटं बदलली, शेटच्या चुलतभावांची पत्रंही कमी झाली. एका शनिवारी पोस्टमन दुकानाऐवजी माझ्या घरी आला. "भाऊसाहेब, आज टपाल तुमचाच हाय." आत माझेच दोन पुठ्ठे होते. त्यांच्यामध्ये तेच जाड पाकीट, तोच काळा बैल, आणि मास्तरच्या फळ्यावरच्या अक्षरात एक ओळ: "इथे तू गैरहजर आहेस. शेटच्या नियमाने वाटा तुझा."

मी ते तसंच उचलून दुकानात नेलं. शेटनी चष्मा लावून पाकीट निरखलं आणि ओळ माझ्याकडून वाचून घेतली, दोनदा. मग मांडीवर थाप मारून इतके हसले, की गिऱ्हाईक बघायला लागलं. "मास्तर हुशार! बरोबर शिकला."

बरोबर शिकला म्हणे! तो नियम मला तोंडपाठ होता. शनिवारमागून शनिवार मी शेटसमोर बसलो होतो आणि मला त्या नियमाचा एकच उपयोग सुचला, चिडण्याचा. हा रविवारी येऊन बसणारा, शनिवारी घरी दार लावून असणारा, आणि नियम कळला तो त्याला.

काळा बैल माझ्या अल्बमात आहे, पाकिटासकट, पाण्यात न घालता. बघायला येणारे म्हणतात, नशीबवान आहात. मी हो म्हणतो. त्यांना वाटतं मी जिंकलो. पण पान उघडलं की पहिल्यांदा मला तिकीट दिसतच नाही. दिसतो तो मास्तर, तिकडे कुठल्याशा टेबलाशी बसून हे दोन पुठ्ठ्यांत नीट ठेवताना, हात न थरथरता. ते तिकीट मला मिळालं खरं, पण ते देताना त्याला जे वाटलं असेल, ते मला कधी मिळालं नाही.