अण्णांचा काळा-पांढरा पत्रा

सकाळी ऑपरेशन थिएटरात आल्याबरोबर नारायणअण्णा कपाटातून एक पत्रा काढायचे. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असलेला. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरून, कधी सरळ, कधी तिरका, जवळून, लांबून फोटो घेत बसायचे. बाहेर डॉक्टर पाय आपटत असायचे. अण्णा ढिम्म! "आधी चौकट, मग चाकू. थांबा की जरा!"

मी तिथली सिस्टर. अण्णा आमचे तंत्रज्ञ, सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकराच्या घरातले. आमच्याकडे नवं मशिन आलं होतं. पेशंटच्या स्कॅनमधल्या शिरा ते कॅमेऱ्याच्या चित्रावर निळ्या रंगात काढून दाखवायचं, म्हणजे यकृताच्या आत कुठं काय आहे ते सर्जनला कापण्याआधीच कळायचं. पण कॅमेऱ्याचं भिंग जरा जरी फिरलं, तरी निळी रेघ भलतीकडेच. म्हणून ते चौकोन दाखवून मशिनला कॅमेऱ्याची नजर नव्यानं शिकवावी लागते. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. अण्णा म्हणायचे, "डोळाच खोटं बोलला तर हातानं काय करायचं, सांगा की सिस्टर."

अशा माणसाला आमच्या हॉस्पिटलनं काय दिलं ते ऐका. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

खंडेनवमीला आम्ही थिएटरातल्या हत्यारांची पूजा करतो. त्या वर्षी कॅमेराही मांडला. अण्णा रजेवर होते. तबकात मावेना म्हणून मी तो दुर्बिणीपासून सुटा केला, कुंकू वाहिलं, हार घातला. संध्याकाळी पुसून परत जोडला. या खटाटोपात फोकसचं कडं फिरलं, हे माझ्या गावीही नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नातेपुत्याची एक बाई ऑपरेशनला आली होती. यकृतात गाठ. मोठे डॉक्टर घाईत, कारण नव्या मशिनचं कौतुक बघायला पाहुणे बोलावलेले. "सुट्टीआधीच झालंय ना कॅलिब्रेशन? घ्या पेशंट आत!"

अण्णांनी तरीही पत्रा धरला. मशिननं काढलेल्या रेघा चौकोनांवर नेमक्या बसायला हव्या होत्या. त्या बोटभर बाजूला पडल्या होत्या. कड्याच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. अण्णांनी ते पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोटानं पुसून टाकलं.

"सर, पुन्हा करावं लागतंय. पंचवीस मिनिटं."

"सर्जन तुम्ही की मी?"

"तुमीच की सर. म्हणून तर तुमाला खोटी शीर दाखवणार नाही."

बाईला अजून भूलसुद्धा दिली नव्हती. पंचवीस मिनिटं थांबल्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? ऑपरेशन छान झालं. निळ्या रेघेनं दाखवलं तिथंच शीर सापडली, गाठ निघाली, बाई चालत घरी गेली. पेपरात फोटो आला मोठ्या डॉक्टरांचा. आणि अण्णांना आली नोटीस! जाणूनबुजून उशीर केला, पाहुण्यांदेखत वरिष्ठांचा अपमान केला, आणि कॅमेरा बिघडवला कोणी, त्याचाही खुलासा करा म्हणे. अरे, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला?

अण्णांनी दोन ओळींत खुलासा लिहिला. कॅमेरा माझ्या ताब्यात असतो, जबाबदारी माझी. एवढंच. त्या दोन ओळी त्यांची नोकरी घ्यायला पुरल्या.

त्या खुलाशाच्या कागदावर साक्षीदाराची सही लागत होती. मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अण्णा आधीच तिथं उभे होते. पूजेचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर अण्णांनीच कागद माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "करा की सही, सिस्टर. तुमची लई नोकरी राहिलीय अजून."

मोठ्या डॉक्टरांना मी आजवर शिव्या घालत आलेय. पण त्या कागदावर अण्णांच्या नावाखाली सही आहे, ती माझी.