दाजी आणि दोन घड्याळं

जगात कुठलीही वस्तू एकटी नसते, तिच्या तोडीची दुसरी कुठेतरी असतेच, यावर माझ्या दाजींची देवापेक्षा जास्त श्रद्धा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी रबाळ्याच्या कारखान्यात, बिऱ्हाड नेरूळला. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी दोन जुड्या दोन हातांत धरून ते अशा मुद्रेने उभे राहत, की भाजीवाल्यालाच आपल्या मालाची शंका यावी. एकदा दाढेने गाल सुजलेला असताना ते एका डॉक्टरच्या खुर्चीतून उठून दुसऱ्याचं मत घ्यायला गेले आणि तिथे नंबर लागेपर्यंत दाढ आपणहून पडली. "वाचलो का न्हाई?" असं वर मलाच विचारलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाचीचं लग्न ठरलं. मुलगा नावड्याचा, तळोज्याला कामाला. जावयाला घड्याळ द्यायचं, तेही ऑटोमॅटिक, सेलची भानगड नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं, असं दाजींनी जाहीर केलं. वाशीच्या दुकानात दोन पसंत पडली, एक पांढऱ्या तबकडीचं, एक काळ्या तबकडीचं. किमतीत फरक नावापुरता. झालं! दुकानदार गाववाला निघाला, त्याला गळ घालून दाजींनी दोन्ही घरी आणली आणि एकेका मनगटावर एकेक बांधून हिंडू लागले. उजवा हात जास्त हलतो, तिकडच्या घड्याळाला फुकटचा फायदा नको, म्हणून रोज अदलाबदल. जेवताना उजव्याने घास घेतला की डावा हातही हवेत तेवढाच हलायचा. सोसायटीत कुणी वेळ विचारली, तर दोन्ही मनगटं पुढे करून म्हणायचे, "कुठल्याची सांगू?"

"अहो, लग्न पोरीचं हाय, घड्याळांचं न्हाई," ताई वैतागली.

शेवटी जावयालाच बोलावलं. त्याने दोन्ही पाहिली, हसला आणि म्हणाला, "मला कुठलंही चालेल."

तो जाताच दाजी स्वयंपाकघरात आले. चेहरा पार उतरलेला. "कुठलंही चालेल म्हणतोय! असल्या मानसाच्या हाती पोरगी द्यायची? फेरविचार कराया पायजे."

ताईचं लाटणं पोळीवरच थांबलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि दाजींचा स्वर थट्टेचा नव्हता.

भाची मात्र कपबशा पुसतच बोलली, "बाबा, मला बघून गेल्यावर त्यांच्या मामांनी आणखी दोन स्थळं आणली होती. हे बघायलाच गेले नाहीत. नणंदेने सांगितलं मला. 'मुलगी पसंत आहे, आता कशाला बघायचं,' म्हणाले."

दाजींनी मोरीपाशीच दोन्ही घड्याळं काढली. "पांढरं बरं दिसंल त्याच्या हातावर," एवढंच म्हणाले आणि काळं परत करायला चपला घातल्या.

लग्नात ते घड्याळ बांधताना दाजींना काही केल्या पट्टा लावता येईना. मदतीला सरसावलेल्या मित्राला जावयाने नजरेनेच मागे सारलं आणि हात पुढे धरून तो निवांत उभा राहिला.

पाठवणीची गाडी वळणापलीकडे गेली. मंडळी पांगली, तरी दाजी हॉलच्या फाटकाशीच.

"चला दाजी, दोन घास खाऊन घ्या," मी म्हटलं.

"उन्हातनं आली की डोकं उठतं तिचं," रस्त्याकडे बघत ते म्हणाले. "जावयाला सांगायचं राहिलंच बघ."