जिवंत ठेवलेलं यीस्ट

सात रस्ता चौकाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये महेश्वरी जंतूंचा स्वयंपाक करते. सकाळी साडेसातला यायचं, पावडर पाण्यात घोळायची, शिजवायची, मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करायची आणि काचेच्या बश्यांत ओतायची. कुठल्या जंतूला काय मानवतं हे बावीस वर्षांत तिला असं पाठ झालंय की घरच्यांच्या आवडीनिवडीही तेवढ्या ठाऊक नसतील. शिक्षण बारावी नापास, पण नव्या पदवीधर पोरी अडल्या की आधी तिला विचारतात, मग पुस्तकाला.

या बाईनं सहा वर्षं एक यीस्ट जिवंत ठेवलं. दर महिन्याला जुन्या नळीतून नव्या नळीत, फ्रिजच्या खालच्या खणात, रिकाम्या खोक्यांच्या मागं. नळीवर नंबर ४१२. कुणी विचारलं तर “सरावाला ठेवलंय” म्हणायची. साफ खोटं. ती नळी लॅबचे मालक अमरेश डॉक्टर यांच्यासाठी राखून ठेवलेली होती, आणि प्रेमानं नव्हे.

४१२ म्हणजे तिची धाकटी बहीण सिद्धेश्वरी. साखरेचा आजार, त्यात पोटाचं ऑपरेशन, आयसीयूत मानेत घातलेली नळी आणि उतरायचं नाव न घेणारा ताप. तिचं रक्त तपासायला याच लॅबमध्ये आलं आणि त्यात यीस्ट उगवलं. यीस्ट म्हटलं की आपल्याला पाव फुगवणारं आठवतं, पण त्याची एक जात माणसाच्या जिवावर उठते. ती ओळखायची रीत सोपी आहे. भरपूर गोडधोड घातलं तर ते गोल, गुबगुबीत राहून गुमान बसतं. तेच निव्वळ सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या पाण्यात, अंगाएवढ्या उबेत अडीच तास ठेवलं की त्याला लांब धागे फुटतात. हेच धागे पुढं माणसाच्या मांसात घुसतात. धागा दिसला की जात कळली, औषध ताबडतोब बदलायचं.

पण अमरेश डॉक्टरांना सीरम जपून वापरायचं होतं. त्यांचा फतवा निघाला होता की दोन थेंब सीरम घाला आणि वरून साखरेचं आंबट पाणी. महेश्वरीनं मान डोलावली. उलट तिला ते पटलंच. आल्यागेल्याला पोटभर वाढणारी बाई ती, जंतूलाही चार घास जास्त मिळाले तर तो लवकर ओळख देईल असं तिला वाटलं. सिद्धेश्वरीची नळी तिनं याच हातांनी भरली. धागा फुटला नाही. डॉक्टरांनी उभ्या उभ्या डोकावून लिहून टाकलं, “त्रासदायक जात नाही, कातडीवरून आलं असावं.” औषध बदललं नाही. नवव्या दिवशी सिद्धेश्वरी गेली.

जुन्या नळ्या टाकून देताना ४१२ तिच्यानं टाकवेना, म्हणून ती राहिली. दोन वर्षांनी एकदा साखरेचं पाणी संपलं होतं. महेश्वरीनं सहज ४१२ निव्वळ सीरममध्ये घालून पाहिली. अडीच तासांनी भिंगाखाली धागेच धागे. साखरेच्या पाण्यानंच तेव्हा धागे अडवले होते, बहिणीचा रिपोर्ट चुकला होता. त्या दिवसापासून तिनं फतवा गुपचूप धाब्यावर बसवला, प्रत्येक नळी निव्वळ सीरमनं भरली, आणि डूख धरला.

तेव्हाच ओरडली असती तर डॉक्टरांनी चार भिंतींत प्रकरण दाबलं असतं. तिला ते नको होतं. सिद्धेश्वरीचा रिपोर्ट चुकीचा होता हे बाहेरच्या माणसांसमोर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती चार वर्षं दिवाळीला त्यांच्या हातची मिठाई घेऊन “बरं व्हय सर” म्हणत राहिली. एवढं गोड बोलणं कुणाला जमेल?

यंदा मार्चमध्ये लॅबची मान्यता ठरवणारं तपासणी पथक आलं, पुण्याच्या दोन डॉक्टरबाई. प्रत्येक चाचणी करून दाखवा म्हणाल्या. महेश्वरीनं दोन नळ्या भरल्या, एक डॉक्टरांच्या फतव्याप्रमाणे आणि एक निव्वळ सीरमची. दोन्हींवर ठळक अक्षरांत ४१२. अमरेश डॉक्टरांनी नंबर पाहिला, जुनं रजिस्टर काढलं आणि तिला भांडी धुवायच्या खोलीत गाठलं.

“महेश्वरीबाई, हे काय चालवलंय?”

“माज्या बहिणीची चाचणी परत लावलीय. त्या येळी नीट झाली न्हाय.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण ते सावरले. “नळी तुम्ही भरली होती. रजिस्टरला सही तुमची आहे. मी बुडालो तर तुम्हीही बुडाल.”

“बुडू द्या की. मला काय वाचायचंय?”

अडीच तासांनी दोन्ही डॉक्टरबाई आळीपाळीनं भिंगावर वाकल्या. एका काचेवर गोल पेशी, दुसरीवर धागे. “यीस्ट एकच?” मोठ्या बाईंनी विचारलं. महेश्वरीनं सगळं सांगितलं, तारखेसकट, स्वतःच्या सहीसकट. डॉक्टर रुमालानं मान पुसत राहिले. तो घाम तिला डोळे भरून बघायचा होता आणि तिनं तो बघितला. संध्याकाळपर्यंत जुना रिपोर्ट रद्द झाला. नव्या कागदावर चूक, तिचं कारण आणि दोन नावं आली. खाली अमरेश डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सही केली. महेश्वरीला आत कुठंतरी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण ते बरं वाटणं अपुरं होतं. दुसऱ्या सकाळी ती कागद घेऊन होटगीला गेली, सिद्धेश्वरीच्या नवऱ्याकडं. वीरभद्रप्पा रेल्वेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. सहा वर्षं गावभर सांगायचा, “आमच्या अक्का लॅबात हुत्या, तपासात काय कसूर ऱ्हायली न्हाय.” दर हंगामाला शाळूचं पोतं तिच्या दारात पोचवायचा. त्या भाकरीचा एक घासही तिला धड गिळता आला नव्हता.

त्यानं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. “ह्यो डॉक्टर. आन् हे खालचं नाव?”

“माजंच हाय, दाजी. नळी म्या भरली.”

“तुमाला कवापासनं ठावं?”

“चार वर्सं झाली.”

वीरभद्रप्पानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्याचा आवाज चढला नाही. “डॉक्टर परका हुता, अक्का. तुमी चार वर्सं माजा शाळू खाल्ला. आता या उंबऱ्याला परत पाय लावू नका.”

“व्हय, दाजी,” महेश्वरी म्हणाली आणि तिनं चपला घातल्या. डॉक्टरांना तिनं काल शिक्षा केली होती. स्वतःला करायची राहिली होती, ती आज झाली.